शेवटचा हात

दुरुस्त झालेली सायकल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची वेळ आली की मिस्त्री तिच्यावर शेवटचा हात फिरवत. बेचाळीस वर्षांत हा नेम एकदाही चुकला नव्हता. दुकानाच्या दाराशी एका खिळ्यावर फ्लॅनेलचं जुनं फडकं लटकलेलं असे, तेल पिऊन पिऊन काळंभोर झालेलं. ते काढायचं आणि हँडलपासून सुरुवात करायची. मग पुढच्या चाकाचा चिमटा, पेडल, चेन, चाकाच्या तारा, आणि सगळ्यांत शेवटी चाक गरागरा फिरवून त्याच्या मध्यावर फडकं धरायचं, तिथे तोंड दिसेपर्यंत. फक्त रिमला, चाकाच्या कडेला, शिवायचं नाही. रिमवर ब्रेकची रबरं घासतात, तिथे तेलाचा थेंब लागला तरी ब्रेक कामातून गेला. हे मिस्त्रींच्या हाताला इतकं पाठ होतं की डोळे मिटून काम केलं तरी फडकं रिमला वळसा घालून जाई.

त्यांच्या बायकोचं म्हणणं असं, की हा माणूस परक्याच्या सायकलीकडे जितक्या मायेने बघतो, त्याच्या निम्म्याने जरी आपल्याकडे बघता तरी संसाराचं सोनं झालं असतं. मिस्त्रींना हे कौतुकच वाटे. रस्त्याने एखादी सायकल लखलखत गेली आणि कुणी म्हणालं, "मिस्त्रींकडून आलेली दिसते," की त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवत.

मुलाला दुकानात बसवायचा प्रयत्न त्यांनी केला होता. त्याने पहिल्या आठवड्यात डावं पेडल उलटं आवळून आटे घालवले आणि दुसऱ्या आठवड्यात ऑफिसात नोकरी धरली. तिथे तो सुखी होता आणि इकडे सायकलीही सुखी होत्या.

काम उचललं ते सुनेने. लग्नाला तीन महिने झाले असतील नसतील, ती चहा घेऊन वरच्या घरातून खाली दुकानात आली. मिस्त्री तासभर एका वाकड्या चाकाशी झटत होते. तिने कप ठेवला, चाकाच्या तारा नखाने एकेक छेडत गेली आणि म्हणाली, "बाबा, ही एक तार वेगळी वाजतेय." तीच सैल होती. पोरीचा कान तयार होता. मिस्त्रींनी मुकाट्याने तारेचा पाना तिच्या हातात दिला. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

अकरा वर्षांत ती इतकी तरबेज झाली की निम्मी गिऱ्हाइकं आडून आडून तिच्याच हातचं काम मागत. पण कुणी नवखा माणूस "या कोण?" म्हणून विचारायचा, तेव्हा मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं असे. "सून आहे. मदतीला असते." सून हातातला पाना तेवढा जरा जोरात खाली ठेवत असे. तो आवाज मिस्त्रींना चांगला ऐकू येई, पण दुकान म्हटलं की असे आवाज होतातच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

आणि मग त्या सहा सायकली आल्या.

दुकान होतं मोठ्या उताराच्या माथ्यावर, आणि त्याच्या पलीकडे दवाखाना. तिथल्या सिस्टर रोज सायकलीने उतार उतरून खालच्या वस्तीत जात, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांची मलमपट्टी करायला. मागच्या पावसाळ्यात एका सिस्टरचा ब्रेक ओल्या रिमवर लागलाच नाही आणि ती मनगट मोडून घेऊन बसली. तेव्हा दवाखान्याने डिस्क ब्रेकच्या सहा सायकली मागवल्या आणि त्या जोडून, तपासून द्यायचं काम सुनेला दिलं, कारण या ब्रेकचा पंधरा दिवसांचा वर्ग तिने केला होता. शुक्रवारी दहा वाजता चाचणी. रस्ता पाण्याने भिजवायचा, उतारावर सायकली सोडायच्या आणि खालच्या पांढऱ्या पट्ट्यावर थांबवायच्या. थांबल्या तर दवाखान्याच्या सगळ्या सायकली कायमच्या तिच्याकडे. नाही थांबल्या, तर मोठ्या कंपनीचा माणूस येणार होता. सुनेला तिच्या एकटीच्या भरवशावर मिळालेलं हे पहिलं काम होतं. महिनाभर तिच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता.

मिस्त्रींना मात्र तो ब्रेक डोळ्यांसमोर नको होता.

"चाकाच्या कडेला ब्रेक होता, तो काय वाईट होता?" ते म्हणत. "डोळ्यांना दिसत होता. रबर झिजलं, बदललं. केबल ढिली पडली, ओढली. मिटला विषय."

"कडेलाच तर सगळं पाणी आणि चिखल लागतो ना, बाबा. ओल्या रिमवर रबर आधी पाणी पुसत बसतं आणि मग थांबवतं. तोवर सिस्टर खाली पोचलेली असते. ही डिस्क बघा, मध्यावर, चिखलापासून वर. रिम थोडी वाकडी झाली तरी हिला पत्ता नाही. आणि रिम झिजायचा तर प्रश्नच नाही."

मग तिने त्यांना ब्रेक उघडून दाखवला. चाकाच्या मध्याशी भोकाभोकांची पातळ पोलादी चकती होती आणि तिच्यावर एक छोटा जबडा बसवलेला. "लिव्हर दाबली की हँडलपाशी एक दट्ट्या तेलाला ढकलतो. तेल काही दबून लहान होत नाही, त्यामुळे ते नळीतून तसंच खाली रेटा देतं आणि इथले दोन दट्टे पुढे सरकतात. त्यांच्या तोंडाशी हे पॅड आहेत. ते डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. एका बोटाचा जोर पुरतो."

"आणि बिघडला म्हणजे?"

इथे ती खोटं बोलली नाही. मिस्त्रींनीच तिला तसं वळण लावलं होतं. "बिघडला की डोक्याला ताप आहे. नळीत हवा शिरली तर लिव्हर पिचपिच करते, सगळं तेल नव्याने भरावं लागतं. डिस्क जराशी वाकली की दिवसभर खर्र खर्र. वजन जास्त. लांब उतारावर दाबून धरला तर इतका तापतो की बोट लावलं तर फोड येईल. रस्त्यात बंद पडला तर कोपऱ्यावरच्या कुणालाही जमणार नाही. आणि बाहेरून तेल लागलं तर संपलंच."

"आत तेलावर चालतो आणि बाहेरून तेल लागलं की मरतो?" मिस्त्री खो खो हसले. "नखरेलच आहे म्हणायचा."

हे त्यांनी ऐकलं होतं, समजून घेतलं होतं आणि त्यावर हसलेही होते. म्हणूनच पुढे जे झालं त्याला त्यांच्यापाशी काही सबब नव्हती.

शुक्रवारी सकाळी साडेसातला ते दुकानात उतरले. सून वर मुलांच्या डब्यांच्या गडबडीत होती. सहाही सायकली ओळीने उभ्या होत्या. मिस्त्री पहिलीपासून शेवटचीपर्यंत चालत गेले. नळ्या बांधायचे पट्टे एकसारखे कापलेले, सगळ्या लिव्हर एकाच उंचीवर, प्रत्येक चाक वाऱ्याने फिरेल इतकं हलकं. खोट काढायची त्यांची जन्माची खोड, पण आज खोट सापडेना. त्यांचा ऊर भरून आला. हे पोरीने केलंय. माझ्या दुकानात केलंय. तिला आज कुणी नावं ठेवता कामा नये, असं त्यांच्या मनात येत होतं, आणि तोवर हात खिळ्याकडे गेलाही होता.

तासभर ते रमून गेले. हँडल, चिमटा, पेडल, चेन, तारा. रिम आली की फडकं इमानाने वळसा घेई. शेवटी चाक फिरवून मध्यावर फडकं धरायचं. ती भोकाभोकांची चकतीही मध्यावरच होती आणि तेल लागल्यावर काय चमकत होती म्हणून सांगू! ब्रेक कडेवरून मध्यावर आला होता, पण हे बेचाळीस वर्षांच्या हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

सहाही झाल्यावर त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. आता सुनेचं काम स्वतः एकदा बघावं म्हणून पहिल्या सायकलीचं चाक फिरवून ब्रेक दाबला. भोंग्यासारखा आवाज आला आणि चाक फिरतच राहिलं.

पोरीचं चुकलं की. हा पहिला विचार. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांच्या मनाचा एक कोपरा सुखावला. शेवटी या म्हाताऱ्याचीच गरज पडते तर. लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी दुसरी सायकल पाहिली. तिसरी पाहिली. पुढचे ब्रेक, मागचे ब्रेक. सहाच्या सहा सायकली तसंच रडत होत्या. सहा सायकलींत बारा ब्रेक चुकतील अशी ही पोरगी नव्हे, असं ते स्वतःशी म्हणाले आणि त्याच वेळी खांद्यावरच्या फडक्याचा वास त्यांच्या नाकात गेला.

मिस्त्री खाली बसले.

कोरडं फडकं घेऊन पुसून काढलं तर वरून काही दिसणार नव्हतं. मग दहा वाजता सायकली उतारावर थांबल्या नसत्या, आणि सुनेने महिनाभर आपलं काय चुकलं ते शोधत स्वतःलाच बोल लावला असता. मिस्त्रींना कुणी नावं ठेवली नसती. हा विचार त्यांच्या मनात आला हे खरं आहे. पण जिन्यावर सुनेची पावलं वाजली आणि त्यापाठोपाठ त्यांना ती मनगट मोडलेली सिस्टर आठवली.

"बाबा, काय झालं? घाम कसला आलाय?"

"मी फडकं फिरवलं," मिस्त्री म्हणाले. "सहाही सायकलींवर. डिस्कवरसुद्धा."

ती आरडाओरडा करेल असं त्यांना वाटलं. तिच्या जागी ते असते तर छप्पर डोक्यावर घेतलं असतं. ती नुसती खाली वाकली, एका डिस्कवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"नुसतं फडकं फिरवलंत, की नंतर ब्रेकही दाबलेत?"

"दाबले."

"सगळे?"

"पुढचे, मागचे, सगळे."

तिने डोळे मिटले. "म्हणजे पॅडनी तेल प्यायलं." मग डोळे उघडून घड्याळाकडे पाहिलं. साडेआठ. "आधी हात धुवा. साबणाने, कोपरापर्यंत."

मिस्त्री हात धुऊन आले. तिने हात उलटसुलट पाहिले. "पुन्हा धुवा," म्हणाली. मिस्त्री पुन्हा गेले.

नंतरचा तास दीड तास या दुकानात कधी नव्हे ते सून हुकूम सोडत होती आणि मिस्त्री पळत होते. चाकं काढा. स्पिरिट आणा. प्रत्येक डिस्कला नवी चिंधी, एकदा वापरलेली दुसरीला लावायची नाही. आता बोट लावू नका, कडेने धरा. मिस्त्री "हो," "आणलं," "धरलं" एवढंच बोलत होते. वाईट वाटत होतं, पण तिचे हात बघताना मध्येच आपली नजर तिथेच खिळते हेही त्यांच्या ध्यानात आलं. एकही हालचाल वाया जात नव्हती.

जास्तीचे पॅड आठ जोड्या होते. हव्या होत्या बारा.

"जुने घासून बघू या का?" मिस्त्रींनी भीत भीत विचारलं. तिने एक जोडी पॉलिश पेपरवर घासली, स्पिरिटने धुतली, वाळवली, बसवली, चाक फिरवून लिव्हर दाबली. चाक थांबलं, पण अखेरीस बारीकशी किंकाळी मारून. तिने जोडी काढली आणि सरळ कचऱ्यात टाकली.

"अगं, थांबलं तर होतं बहुतेक."

"ब्रेकच्या कामात बहुतेक चालत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय. पहिल्याच आठवड्यात."

म्हणजे आठ जोड्यांत चारच सायकली तयार होणार. दोन बाजूला ठेवायच्या. तिने ते ठरवलं आणि परत त्याचा उल्लेखही केला नाही.

पण नुसते नवे पॅड घालून भागत नव्हतं. नव्या पॅडची डिस्कशी ओळख व्हावी लागते. वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा, पूर्ण न थांबता सोडायचा, परत वेग. असं वीस पंचवीस वेळा, तेव्हा कुठे तो धरायला लागतो. चार सायकली होत्या आणि माणसं दोन.

"तुम्हाला येईल ना, बाबा?"

महिनाभर त्या सायकलींवर बसायला साफ नकार दिलेला माणूस टांग टाकून निघाला. सुरुवातीच्या फेऱ्यांत ब्रेक नुसताच फरफटत होता. दहाव्या खेपेला त्यांनी जुन्या सवयीने अख्खी मूठ आवळली, आणि ब्रेकला नेमकी तेव्हाच ओळख पटली. मागचं चाक वीतभर उचललं गेलं आणि मिस्त्रींचं नाक हँडलला टेकता टेकता राहिलं.

वरच्या खिडकीतून बायको ओरडली, "अहो, या वयात काय चालवलंय हे?"

"काम!" मिस्त्री ओरडले आणि पुन्हा वेग घेतला. या खेपेला एकच बोट वापरलं. सायकल आज्ञेत असल्यासारखी मंदावली. त्यांनी आणखी एकदा करून पाहिलं, खरं तर गरज नव्हती तरी.

दहाच्या ठोक्याला मोठ्या सिस्टर आल्या, मागे सहाजणी. रस्त्यावर टँकर पाणी ओतून गेला होता. सून हात पुसत पुढे झाली.

"सहापैकी चारच तयार आहेत," ती म्हणाली. "दोन आज देणार नाही."

"का?"

"दुकानात चूक झाली. डिस्कला तेल लागलं."

दुकानात. बाबांकडून नव्हे, दुकानात. मिस्त्रींनी तो शब्द ऐकला. जिचं काम आपण मातीत घातलं ती आपल्यावर पांघरूण घालतेय, आणि आपण अकरा वर्षांत तिला एक धड शब्द दिला नाही.

"दुकानात नाही," ते पुढे येऊन म्हणाले. "माझ्याकडून. तिने सहाही चोख लावल्या होत्या. मी आज सकाळी बिघडवल्या."

मोठ्या सिस्टरनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "यांनी पकडलं, की तुम्ही सांगितलंत?"

"मीच सांगितलं."

"आमच्याकडे चुकीची गोळी दिली गेली की मीही पहिलं हेच विचारते," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी सायकलींकडे पाहिलं, मग उताराकडे. "माझ्या मुली उतरण्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी उतरून दाखवा."

"मी जाते," सून म्हणाली. पण मिस्त्रींनी एक सायकल आधीच उताराच्या तोंडाशी नेली होती.

"तू वर उभी राहा," ते म्हणाले. "मी जातो. तुझ्या हातचं आहे, मला कसली भीती?"

भीती होतीच. एकोणसत्तर वर्षांचे गुडघे आणि समोर ओला चकचकीत रस्ता. त्यांनी जमिनीवरचा पाय उचलला. निम्म्या उतारावर वारा कानांत घोंगावायला लागला, आणि जुन्या ब्रेकवर आपण या जागी दोन्ही मुठी आवळून बसलो असतो हे त्यांना आठवलं. पांढरा पट्टा समोर आला. त्यांनी बोटं टेकवली, एकेका लिव्हरवर एकेकच. सायकल घसरली नाही की ओरडली नाही. वेग हातात मावेल इतका झाला, मग त्याहून कमी, आणि पुढचं चाक पट्ट्यावर येऊन उभं राहिलं.

मिस्त्रींनी मागे वळून पाहिलं. वर माथ्यावर सून दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. आयुष्यात त्यांच्या हातून शेकडो सायकली चांगल्या निघाल्या होत्या, पण इतका अभिमान त्यांना स्वतःच्या कामाचा कधी वाटला नव्हता.

सायकल ढकलत, धापा टाकत ते वर आले तोवर एकेक करून तीन सिस्टर उतरून पट्ट्यावर थांबल्याही होत्या, आणि चौथी त्यांच्या हातातली सायकल घेऊन उतरली. उरलेल्या दोघी वर उभ्या राहून आपली पाळी कधी म्हणून विचारत होत्या. मोठ्या सिस्टरनी खिशातून वही काढली.

"सगळ्या सायकली इथेच येतील," त्या म्हणाल्या. "या दोन सोमवारपर्यंत करून द्या. नाव कुणाचं लिहू? इथले मिस्त्री कोण?"

सवयीने सगळ्यांच्या माना म्हाताऱ्याकडे वळल्या. सुनेचीसुद्धा वळली. तिने बाकावरचा पाना उचलला होता, नुसता हाताला चाळा म्हणून.

"इथल्या मिस्त्री या," म्हाताऱ्याने तिच्याकडे हात केला.

सिस्टर लिहिता लिहिता थांबल्या. "आणि तुम्ही?"

"मी सासरा," ते म्हणाले. "मदतीला असतो."

सुनेने हातातला पाना बाकावर ठेवला. दोन्ही हातांनी धरून, अगदी हलकेच ठेवला.